कालचक्र आणि मोक्षपट

सुरतेचे नाव निघाले की मराठी वाचकास १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. आम्हांस मात्र मागील खेपेस त्या नगरीने एका निराळ्याच गोष्टीचे स्मरण करून दिले. उधना भागात एका मराठी गृहस्थांकडे आम्ही उतरलो होतो. त्यांचा मुलगा संगणकावर एक जुना खेळ खेळत बसला होता. पडद्यावर खेळणाऱ्याची आकृती दिसत नव्हती. दिसत होते ते केवळ त्याचे हात आणि पुढील अंधारी वाट. "यात तू कोणता रे?" असे आम्ही विचारले. "काका, मी दिसत नाही. मीच बघतोय ना!" असे उत्तर मिळाले. खेळाचे नाव 'द व्हील ऑफ टाइम', म्हणजे कालचक्र. त्या नावापाशी आमचे मन थबकले.

रॉबर्ट जॉर्डन या अमेरिकन लेखकाच्या अद्भुतरम्य ग्रंथमालेवर हा खेळ आधारलेला आहे. मालेचा पहिला ग्रंथ १९९० मध्ये निघाला. २००७ मध्ये लेखक निवर्तला. पुढे ब्रँडन सँडरसन यांनी अखेरचे तीन ग्रंथ सिद्धीस नेले आणि २०१३ मध्ये चौदावा व शेवटचा ग्रंथ प्रकाशित झाला. खेळ १९९९ चा, लेजंड एंटरटेनमेंट या संस्थेने रचलेला. त्याची कथा ग्रंथांतील नायकांची नव्हे. जग तेवढे त्या ग्रंथांचे. खेळणारा एका अल्पशक्ती साधिकेच्या डोळ्यांनी पाहतो आणि अंगच्या सामर्थ्याची उणीव मंत्रसिद्ध वस्तूंनी भरून काढतो. युगे येतात, जातात आणि पुन्हा येतात, ही त्या ग्रंथमालेची मूळ कल्पना. तेथील चक्रास सात आरे आहेत. चार युगांचा फेरा जाणणाऱ्या आमच्या वाचकांस ती परकी वाटू नये. सुरतेच्या जैन शेजाऱ्यांस तर ती अधिकच ओळखीची वाटेल. कारण त्यांच्या कालचक्रास बारा आरे असून त्यांपैकी सहा चढतीचे आणि सहा उतरतीचे आहेत.

चढती आणि उतरती हे शब्द उच्चारताच आम्हांस आमचाच एक जुना खेळ आठवला. गुजरातेतील जैन त्यास ज्ञानबाजी म्हणत, महाराष्ट्रात त्यास मोक्षपट हे नाव होते. ग्रंथ खेळात उतरविणे आणि खेळणाऱ्यास त्यात प्रवासी करणे ही कला आपल्याकडे संगणकाच्या पुष्कळ आधी साधली होती. फरक एवढाच की, तेथे पडद्याऐवजी कापड अथवा कागद होता, आणि सोंगटी म्हणजे खेळणाऱ्याचा स्वतःचाच जीव होता.

जैनांचा पट बहुधा ८४ घरांचा असे आणि त्याच्या माथ्यावर सिद्धशिला असे. वैष्णवांच्या ७२ घरांच्या पटाचा एक प्रचलित पाठ पाहावा. पहिले घर जन्माचे, दुसरे मायेचे. वरच्या ओळीत बरोबर मध्यभागी ६८ वे घर वैकुंठाचे. ५४ व्या घरी भक्ती. तेथून शिडी थेट वैकुंठास जाते. आणि त्याच्या अगदी वरचे ५५ वे घर अहंकाराचे! तेथील साप जीवास पार खाली आणून टाकतो. भक्ती आणि अहंकार यांमध्ये एका कवडीचे अंतर, हे सांगण्यास कीर्तनकारास घटकाभर निरूपण करावे लागेल. पट ते एका दानात दाखवितो. वैकुंठ ओलांडून पुढे गेलेला जीव ७२ व्या घरी, तमोगुणात पोहोचला की सापावाटे पुन्हा पृथ्वीवर येतो.

हा खेळ ज्ञानेश्वर महाराजांनी रचला अशी श्रद्धा महाराष्ट्रात आहे. त्या श्रद्धेचा आम्ही आदर करतो; परंतु त्यास समकालीन लेखी आधार नाही, आणि ज्यांवर काळ नोंदलेला आहे असे पट अठराव्या शतकाच्या मागे जात नाहीत, हेही सांगितले पाहिजे. संतांचे मोठेपण अशा पुराव्यावर अवलंबून नाही. डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहात दोन मोक्षपट आढळले. असाच एक वैष्णव पट हेन्री डंडास रॉबर्टसन या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने १८३१ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीस दिला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात रूढ झाला. आरंभी तेथील पटांवर उद्योग, काटकसर, पश्चात्ताप अशी इंग्रजी नीतीची चित्रे होती. पुढे तीही गेली. उरले आकडे, साप आणि शिड्या. तीच सापशिडी पुठ्ठ्यावर छापून आपल्या घरी आली आणि आपण ती परकी वस्तू म्हणून विकत घेतली. घराचे नाव पुसले की अहंकाराचा साप आणि मत्सराचा साप यांत भेद उरत नाही. पडणारा का पडला हे त्यास कळत नाही. दान वाईट पडले एवढेच तो म्हणतो.

संगणकाच्या खेळास आम्ही नावे ठेवीत नाही. त्या मुलाने त्या खेळावरून मूळ ग्रंथ मागविला, ही त्या खेळाची पुण्याईच होय. परंतु त्या खेळात शत्रू बाहेर उभा असतो. मोक्षपटात तो आपल्याच घराच्या नावाने बसलेला असतो. निघताना आम्ही एका मोठ्या कागदावर ७२ घरे आखून त्यांत नावे लिहून दिली. पहिल्याच डावात तो भक्तीच्या घरी पोहोचण्याऐवजी एक घर पुढे गेला आणि पार खाली कोसळला. "काका, एकच घर राहिलं!" असे तो हळहळून म्हणाला. आम्ही त्यास अधिक काही सांगितले नाही.

आमच्या वाचकांच्या घरी, माळ्यावरील पेटाऱ्यात अथवा देवळाच्या जुन्या कपाटात, असा एखादा पट घडी घालून पडलेला असेल. वाळवी त्याच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी तो उलगडावा, त्यावरील नावे उतरून घ्यावीत, आणि एखाद्या एकादशीस मुलांना जवळ घेऊन ती मोठ्याने वाचीत खेळावा.