चट्टे आणि घोरणं: दोन आजार, दोन फायली, माणूस एकच

 

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, हे काय कॉम्बिनेशन? सोरायसिस आणि स्लीप ॲप्निया. एक कातडीचा, दुसरा झोपेतला. पण दोघांचा इतिहास शेजारी ठेवला की एक गोष्ट लगेच दिसते. दोघांनाही लोकांनी भलत्याच नावानं ओळखलं.

आधी सोरायसिस. शरीराची प्रतिकारशक्ती बिथरते, त्वचेच्या पेशी महिन्याऐवजी काही दिवसांतच वर येतात आणि लाल चट्ट्यांवर पांढरे पापुद्रे साचतात. तो संसर्गजन्य नाही. तरी युरोपात तो कित्येक शतकं कुष्ठरोगाच्या खात्यात जमा होता. १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी दोन्ही आजार स्पष्टपणे वेगळे केले.

आता मुंबईत या. १८९० मध्ये माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान सुरू झालं. पुढाकार म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांचा. हो, शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापणारे तेच ॲकवर्थ! वडाळ्याचं ॲकवर्थ हॉस्पिटल त्यांच्याच नावाचं. मग आला १८९८ चा कायदा. तो लागू असलेल्या भागात एखादा माणूस पोलिसाला निराधार कुष्ठरोगी ‘वाटला’, तर वॉरंटशिवाय अटक करता यायची. डॉक्टरची तपासणी नंतर. आधी पोलिसाची नजर! अंगभर चट्टे घेऊन रस्त्यावर फिरणाऱ्या गरीब माणसानं अशा काळात काय करायचं? हा कायदा केंद्रानं रद्द केला २०१६ मध्ये. आज कुष्ठरोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. पण चट्टे दिसले की बाकावर सरकून बसणारी माणसं अजून आहेतच.

दुसरा आजार याच्या उलट. त्याला कुणी घाबरलंच नाही, सगळे हसले. घोरतो म्हणजे काय गाढ झोपलाय, कुंभकर्ण! खरं तर स्लीप ॲप्नियात झोपेत घसा मिटतो, श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो, ऑक्सिजन घसरतो आणि मेंदू दचकून जागा होतो. रात्रभर हेच चालू. १९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी झोपेतले हे थांबलेले श्वास यंत्रावर नोंदवले. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिवन यांनी नाकावाटे हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र आणलं. तेच आजचं सीपॅप.

मुंबईत हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉ. झरीर उदवाडिया यांनी ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात साधारण ७.५ टक्क्यांना हा आजार निघाला. म्हणजे लोकलच्या एका डब्यात किती, हिशोब करा. तरी बहुतेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते फेब्रुवारी २०२२ मध्ये, बप्पी लाहिरी गेले तेव्हा.

मग या दोघांचं नातं सापडलं कुठे? डेन्मार्कमध्ये. तिथे १९६८ पासून प्रत्येक माणसाला एक नंबर आहे आणि दवाखान्यातल्या नोंदी त्या नंबरला जोडलेल्या असतात. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर दोन टेबल, एक कॉमन की. जॉइन मारा, उत्तर बघा. २०१६ मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की सोरायसिस असलेल्यांमध्ये स्लीप ॲप्नियाचं प्रमाण जास्त, आणि स्लीप ॲप्निया असलेल्यांमध्ये सोरायसिसचं. दोन्ही बाजूंनी.

थांबा, म्हणजे एकामुळे दुसरा होतो असं सिद्ध झालं का? नाही. जास्त वजन दोन्हीकडे भेटतं. पण आणखी एक धागा आहे, शरीरात धुमसणारी सूज. टीएनएफ अल्फा नावाचं प्रथिन दोन्ही आजारांत वाढलेलं सापडतं. सोरायसिसवर दिलं जाणारं एटानरसेप्ट हे औषध या प्रथिनालाच अडवतं. २००४ मध्ये ते स्लीप ॲप्नियाच्या ८ रुग्णांना देऊन पाहिलं, तर त्यांची दिवसाची पेंग कमी झाली. ८ जण म्हणजे फारच छोटा प्रयोग, त्यावरून उपचार ठरत नाही. पण दिशा कळते.

आता आपल्याकडे बघा. स्किनवाल्या डॉक्टरची फाइल एका पिशवीत, आणि घोरण्याची तर फाइलच नाही. ती तक्रार फक्त बायकोला किंवा आईला माहीत. त्यात मी रोज बघतो, सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये बोरिवली यायच्या आत अर्धा डबा पेंगलेला असतो. सगळेच दमलेले, त्यात आजारी कोण हे ओळखणार कसं? आभा नंबर २०२१ पासून देशभर आलाय खरा, पण आपल्या जुन्या कागदांना तो अजून जोडलेला नाही.

तोपर्यंत हा जॉइन आपणच मारायचा. घरात कुणाला सोरायसिस असेल आणि तो जोरात घोरत असेल, मध्येच श्वास अडकत असेल, पुरेसं झोपूनही दिवसा पेंगत असेल, तर पुढच्या व्हिजिटला स्किनच्या डॉक्टरांना हे सांगा. झोपेची तपासणी लागेल का, विचारा. श्वास थांबतो हे झोपलेल्याला कळत नाही, शेजारी जागं असलेल्याला कळतं. म्हणून डॉक्टरकडे जाताना त्या माणसालाही सोबत न्या.

हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. भेटूया पुढच्या भागात!