चौकोन आणि प्रश्नचिन्हं

परवा जुन्या हार्ड डिस्कवरच्या फायली चाळताना बाबांच्या पत्राची फाईल सापडली. उघडली तर आत नुसती प्रश्नचिन्हं. मला ते माहीत होतंच, तरी दर वेळी उघडून बघतो.

गोष्ट २००३ सालची. मी मुंबईत एका छोट्या कचेरीत होतो, टेबलावर विंडोज ९८. बाबा साताऱ्याला. निवृत्तीनंतर त्यांनी घरी एक्सपीचं मशीन घेतलं होतं आणि एका बोटाने मराठी टायपायला शिकले होते. एके दिवशी त्यांची लांबलचक मेल आली. माझ्या पडद्यावर चौकोनच चौकोन! तेव्हा माझी समजूत अशी की मराठी संगणकाला झेपतच नाही. आता कळतं, की पडद्यावरची प्रत्येक खोड वेगळा आजार सांगत असते.

नव्वदच्या दशकात आपण मराठी लिहायचो ते रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेल्या फॉण्टांत. फॉण्ट नसला की पडद्यावर रोमन अक्षरांची भेळ. पण मजकूर शाबूत असायचा. तोच फॉण्ट टाकला की मराठी परत.

१९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. आता चौकोन दिसले तर अर्थ एवढाच, की क्रमांक बरोबर आहेत, फक्त आकार काढून दाखवणारा फॉण्ट नाही. विंडोज २००० बरोबर मंगल फॉण्ट आला, तेव्हा ही तक्रार बरीच मिटली.

तिसरी खोड सुटी वेलांटी. 'किल्ला' लिहिलं की वेलांटी 'क'च्या उजवीकडे आणि 'ल'चा पाय मोडलेला. याचं कारण मजेशीर आहे. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा, आधी क, मग वेलांटी. ती डावीकडे नेणं, जोडाक्षर जुळवणं, रफार डोक्यावर चढवणं हे काम फॉण्टच्या जोडीला असलेल्या युनिस्क्राइब या भागाचं. २००१ च्या एक्सपीत ही सोय होती, पण नेहमीच्या इंग्रजी आवृत्तीत बंद असायची. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन भाषांच्या पानावर एक खूण करायची, मग ते सीडी मागणार, आणि सीडी कधीच सापडणार नाही! २००७ साली व्हिस्टा घरोघरी येऊ लागला आणि ही खूण करायची गरज संपली.

पण खोडी संपल्या नाहीत. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत गुरुजी आणि स्वयंपाकी इतका फरक. तो दुसरा र दोन प्रकारे लिहिता येतो, एक नुक्त्याच्या ऱ ने आणि एक साध्या र पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण शोधायला गेलं की एक सापडतो, दुसरा नाही. 'ॲ'ला स्वतःचा क्रमांक मिळाला २००८ साली. त्याआधी सगळे अ वर चंद्र चढवायचे. नवं अक्षर जुन्या मशीनवर गेलं की चौकोन, जुनी जोडणी नव्यावर आली की मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ. चूक कोणाचीच नाही. दोन काळ एकमेकांसमोर उभे राहिले की असं होतं.

या सगळ्यांत अक्षरं जिवंत असतात. खोड दाखवण्यात असते. प्रश्नचिन्हाचं तसं नाही. विंडोज ९८ चं नोटपॅड २५६ चिन्हांच्या तक्त्यातच लिहायचं आणि त्या तक्त्यांत देवनागरीचा तक्ताच नव्हता. जे अक्षर तक्त्यात नाही त्याच्या जागी ते प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि मूळ क्रमांक फेकून द्यायचं.

मी नेमकं तेच केलं. मेल नोटपॅडमध्ये चिकटवली, चौकोनांची प्रश्नचिन्हं झाली. म्हटलं, चौकोन काय नि प्रश्नचिन्ह काय, मित्राच्या एक्सपीवर दिसेल नीट. फ्लॉपीवर घेतली. मेलबॉक्स तेव्हा चार-सहा एमबीचा, सदा भरलेला, म्हणून मेल पुसून टाकली. मित्राकडे अर्थातच काही दिसलं नाही. बाबांना फोन केला तर म्हणाले, "काही विशेष नव्हतं रे, असंच." पुन्हा टाइप करा असं सांगायचा मला धीर झाला नाही. एका बोटाने लिहिलं होतं त्यांनी. आता विचारायला ते नाहीत.

एक गोष्ट मात्र बऱ्याच उशिरा लक्षात आली. नोटपॅडने प्रत्येक चिन्हामागे एक प्रश्नचिन्ह ठेवलंय. मोकळ्या जागा, पूर्णविराम, ओळी जिथल्या तिथे आहेत. सुरुवातीला दोन प्रश्नचिन्हं आणि एक टिंब, म्हणजे च, वेलांटी, टिंब. 'चि.' असणार. मध्ये तीन परिच्छेद आहेत, दुसरा सर्वांत मोठा. त्यात काय होतं ते आता कोणतंच मशीन सांगणार नाही.

आणि अगदी शेवटच्या ओळीत फक्त चार प्रश्नचिन्हं. ब, काना, ब, काना.

तेवढं मला वाचता येतं.