लूर्दची कसोटी

इ. स. १८५८ च्या ११ फेब्रुवारीस फ्रान्समधील लूर्द गावाजवळच्या गुहेपाशी बर्नादेत सुबिरू या चौदा वर्षांच्या दरिद्री मुलीस एका तेजस्वी स्त्रीचे दर्शन घडले. १६ जुलैपर्यंत अशी १८ दर्शने झाली. लोकांचा लोंढा लोटला. धर्मगुरू पेरामाल मात्र हुरळले नाहीत. ‘त्या स्त्रीला नाव विचार, गुहेतील गुलाब फुलवायला सांग,’ अशी अट त्यांनी घातली. गुलाब फुलला नाही. परंतु २५ मार्चला मुलीने नाव आणले : ‘निष्कलंक गर्भसंभव’. हा सिद्धान्त पोप नववे पायस यांनी १८५४ मध्ये उद्घोषित केला होता. अक्षरशत्रू मुलीच्या तोंडी तो ऐकून पेरामाल स्तंभित झाले.

जूनमध्ये प्रशासनाने गुहेस कुंपण घातले. अखेरचे दर्शन बर्नादेतने नदीच्या पैलतीरावरूनच घेतले. बिशप लोरांस यांनी चौकशीअंती १८६२ मध्ये अनुकूल निर्णय दिला. तरीही अशा दर्शनांवर विश्वास ठेवणे कॅथलिकांस बंधनकारक नसते.

बर्नादेत १८६६ मध्ये नेव्हेरच्या मठात गेली आणि १८७९ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, निवर्तली. १९३३ मध्ये तिला संतपद लाभले, ते मठातील निमूट, व्याधिग्रस्त आयुष्याकडे पाहून. दर्शनांचे पर्व पाच महिन्यांत सरले. आज्ञापालनाची कसोटी तिने जन्मभर दिली.