घोड्याला काय दिसते?

घराच्या नोंदणीपासून पीकविम्याच्या पैशांपर्यंत कशालाही आपण मराठीत सहज ‘अडथळ्यांची शर्यत’ म्हणून टाकतो. मूळ शर्यत घोड्यांची होती, हे आता कुणाच्या ध्यानीमनीही नसते. १७५२ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्यात दोन स्वारांनी बटेव्हंटच्या चर्चच्या मनोऱ्यापासून डोनरेलच्या मनोऱ्यापर्यंत, वाटेतले बांध, ओढे, दगडी गडगे ओलांडत पैज लावून घोडे दामटले, असे सांगतात. मनोऱ्याला इंग्रजीत ‘स्टीपल’, म्हणून शर्यतीचे नाव पडले ‘स्टीपलचेस’. या प्रकारातली सर्वांत गाजलेली शर्यत म्हणजे लिव्हरपूलजवळच्या एनट्रीच्या मैदानावरची ‘ग्रँड नॅशनल’. आज तिचे अंतर सव्वाचार मैलांहून थोडे जास्त, म्हणजे जवळपास सात किलोमीटर आहे. मैदानात कुंपणे सोळा. त्यांतली चौदा दोनदा आणि दोन एकदाच, अशा एकूण तीस उड्या. या शर्यतीच्या नियमांचा इतिहास साधारणपणे दयेचा इतिहास म्हणून सांगितला जातो: माणूस हळूहळू शहाणा झाला, कुंपणे हळूहळू बुटकी झाली. तारखा एकापुढे एक मांडल्या की मात्र वेगळेच दिसते. एनट्रीचे नियम माणसाच्या नजरेमागून चालत आले आहेत. जे मरण दिसले त्यावर नियम झाला. जे दिसले नाही ते तसेच राहिले.

पहिल्या अधिकृत शर्यतीपासूनच, म्हणजे १८३९ पासून, हे सुरू होते. त्या वर्षी कॅप्टन मार्टिन बेचर नावाचा स्वार एका ओढ्यापाशी घोड्यावरून पडला आणि मागून येणाऱ्या टापांपासून जीव वाचवायला त्याच ओढ्यात दडून बसला. त्या जागेला ‘बेचर्स ब्रुक’ हे नाव पडले ते आजतागायत. त्याच शर्यतीत डिक्टेटर नावाचा घोडा मेला. त्याच्या नावाचे कुंपण एनट्रीवर नाही. गंमत अशी की गुराढोरांना आणि घोड्यांना निर्दयपणे वागवणे हा गुन्हा ठरवणारा मार्टिनचा कायदा इंग्लंडमध्ये १८२२ मध्येच झाला होता आणि प्राणिरक्षणाची संस्थाही १८२४ मध्ये उभी राहिली होती. म्हणजे भर रस्त्यात घोड्याला बडवणारा गाडीवान शिक्षेला पात्र होता; सरदार-जमीनदारांचा घोडा खंदकात मान मोडून मेला तर तो खेळातला अपघात. गाडीवानाचा चाबूक रस्त्याने येणाऱ्याजाणाऱ्याला रोज दिसत होता. एनट्रीचा खंदक वर्षातून एकदा दिसे, तोही दुरून.

१९२८ मध्ये ‘कॅनल टर्न’ या काटकोनी वळणावर ईस्टर हिरो हा घोडा कुंपणावरच अडकला, मागचे घोडे त्याच्यावर येऊन आदळले आणि ४२ घोड्यांपैकी दोनच शेवटपर्यंत पोहोचले. शंभरास एक भावाचा टिपेररी टिम जिंकला. पुढच्या शर्यतीआधी त्या वळणावरचा खंदक बुजवण्यात आला, कारण शर्यतीचे हसे झाले होते. गर्दीचे मात्र कुणी मनावर घेतले नाही: त्याच पुढच्या वर्षी, १९२९ मध्ये, ६६ घोडे धावले आणि तो विक्रम आजही कायम आहे. गर्दी हाच धोक्याचा गाभा आहे हे कळायला, म्हणजे संख्येवर ४० ची मर्यादा यायला, १९८४ उजाडावे लागले. मधल्या काळात १९५४ ची शर्यत झाली. तीत चार घोडे मेले आणि पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. तरी कुंपणे तशीच उभी राहिली. १९६० मध्ये बीबीसीने ही शर्यत प्रथमच दूरचित्रवाणीवर थेट दाखवली. १९६१ मध्ये कुंपणांच्या उडी घेण्याच्या बाजूला उतार देण्यात आला, म्हणजे उभ्या भिंतीऐवजी घोड्याला अंदाज बांधता येईल अशी तिरकी बाजू. कॅमेरा आला म्हणूनच उतार आला, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. प्राणिमित्रांचा रेटा आधीपासून होताच. पण सहा-सात वर्षे रेंगाळलेली गोष्ट घरोघरच्या पडद्यावर शर्यत पोहोचल्यावर वर्षभरात मार्गी लागते, याला नुसता योगायोग म्हणणेही कठीण आहे.

बेचर्स ब्रुकची गोष्ट या बाबतीत सर्वांत बोलकी आहे. कुंपणाची उंची चार फूट दहा इंच. पण खरा घात पलीकडे होता. उतरण्याची जमीन उडी घेण्याच्या जमिनीपेक्षा खोल आणि शिवाय ओढ्याकडे कललेली. घोडा उडी घेतो ती समोरच्या जमिनीच्या भरवशावर, आणि पाय टेकायच्या क्षणी जमीन अपेक्षेपेक्षा खाली निघते. १९८९ मध्ये सीऑन्डेम आणि ब्राउन ट्रिक्स हे दोन घोडे याच ठिकाणी मेले. लोक संतापले, ओढ्याची खोली कमी करण्यात आली, उताराची जमीन सपाट केली गेली. लगेच पुढच्या वर्षी मिस्टर फ्रिस्क या घोड्याने ८ मिनिटे ४७.८ सेकंदांत शर्यत जिंकली. एनट्रीवर त्याहून जलद कुणी धावलेले नाही. इथेच जुन्या जाणत्यांचा आक्षेप येतो, आणि तो मोडीत काढण्यासारखा नाही. त्यांचे म्हणणे असे: कुंपण भीतिदायक असले की घोडाही जपून येतो आणि स्वारही, ते सोपे केलेत की दोघेही सुसाट सुटतात, आणि घोड्याला मारतो तो वेग. तुमच्या दयेनेच घोडे मरतील. १९९० मध्ये जमीन टणक होती, त्यामुळे त्या विक्रमाचे सगळे श्रेय किंवा दोष बुजवलेल्या ओढ्याला देता येत नाही. तरी युक्तिवादात तथ्य आहे. फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष त्यांना वाटतो तो नाही. वेग मारत असेल तर वेगाला लगाम घाला. उंच कुंपण हा वेग कमी करण्याचा एकमेव मार्ग नव्हे. पुढे तेच झाले. मैदानाला पाणी घालून जमीन मऊ ठेवली जाऊ लागली. २०१३ मध्ये शर्यतीची सुरुवात ९० यार्ड पुढे, गोंगाट करणाऱ्या प्रेक्षकांपासून दूर नेली. त्यामुळे पहिल्या कुंपणापर्यंतची धाव आखूड झाली. कुंपणाच्या पोटातला कठीण लाकडी सांगाडा काढून तिथे वाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या काड्या भरल्या. वरून हिरव्या स्प्रूसच्या फांद्यांचे आवरण तसेच ठेवले. दुरून पाहणाऱ्याला कुंपण तेच, घोड्याच्या छातीला मात्र वेगळे.

हे सारे २०१३ पर्यंत का थांबले होते? उत्तर २०११ च्या चित्रणात आहे. त्या वर्षी पहिल्या फेरीत ऑर्नाइस चौथ्या कुंपणावर आणि डूनीज गेट बेचर्स ब्रुकवर मेले. दुसऱ्या फेरीला घोडे तिथे पोहोचले तेव्हा कुंपणांपुढे बाणांच्या पाट्या लागल्या होत्या, निशाणे हलवली जात होती, आणि उरलेले घोडे कुंपण टाळून बाजूच्या वाटेने पळवण्यात आले. ती वाट दोनच वर्षांपूर्वी तयार केली होती आणि वापरण्याची ही पहिलीच वेळ. वरून टिपणाऱ्या कॅमेऱ्याला खालच्या हिरवळीवर ताडपत्रीने झाकलेले आकार दिसले आणि कोट्यवधी लोकांनी ते जेवणाच्या खोलीत बसून पाहिले. पूर्वी मेलेला घोडा पाहायला कुंपणापाशी उभे राहावे लागे. पुढच्याच वर्षी सिंक्रोनाइज्ड हा चेल्टनहॅम गोल्ड कप जिंकलेला घोडा आणि अकॉर्डिंग टू पीट असे आणखी दोघे गेले. नावाजलेला घोडा गेला की हळहळही नावाजलेली असते. त्यानंतर मात्र बदल भराभर झाले आणि ते फळलेही: २०१३ ते २०१८ या सहा वर्षांत ग्रँड नॅशनलमध्ये एकही घोडा मेला नाही.

मग नजरेमागून नियम आले तर बिघडले काय, असे कुणी विचारेल. नजर पडली, घोडे वाचले. हा आक्षेप अर्धा मान्यच करायला हवा. अडचण एवढीच की नजर कुंपणावर खिळते आणि मरण दोन पावले सरकते. २०१९ पासून घोडे पुन्हा मरू लागले, तेव्हा २०२१ मधला द लाँग माइल कुंपणावर पडलाच नव्हता. दोन कुंपणांमधल्या सपाट जमिनीवर धावताना तो जायबंदी झाला. अशा मोडलेल्या पायासाठी कुंपण किती इंच कमी करणार? शिवाय ग्रँड नॅशनल ही वर्षातली एक दुपार. ब्रिटनमध्ये अडथळ्यांच्या शर्यतींत हजार धावांमागे सुमारे चार घोडे दगावतात, आणि त्यांतले बहुतेक एखाद्या आडगावच्या मैदानावर, मंगळवारच्या पावसात. त्यांच्यासाठी पार्लमेंटात कुणी उभे राहत नाही.

शर्यतवाल्यांचा आवडता मुद्दा असा की घोड्याला धावायला आवडते. पाहा, स्वार पडला तरी मोकळे घोडे कळपाबरोबर उड्या मारत राहतात. मारतात खरे. पण १९६७ मध्ये पॉपहॅम डाउन हा असाच मोकळा घोडा तेविसाव्या कुंपणापुढे आडवा झाला, मागचे सगळे एकमेकांवर आदळले, आणि फार मागे असलेला फॉयनाव्हॉन हा शंभरास एक भावाचा घोडा वाट काढून जिंकला. स्वार पाठीवर नसताना कळपामागे धावणारा घोडा जर धावण्याच्या हौसेचा पुरावा असेल, तर कुंपणापुढे आडवा झालेला घोडा कशाचा? घोडा कळपाचा प्राणी आहे, एवढेच या दोन्हींतून सिद्ध होते. हा वाद आपल्याला अनोळखी नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, हा मुद्दा होता. पुढे महाराष्ट्र सरकारने बैलाच्या धावण्याच्या क्षमतेवर अहवालच सादर केला. पण धावण्याची क्षमता आणि तीस कुंपणे ओलांडण्याची इच्छा यांत अंतर आहे, आणि नेमके तिथेच घोडे पेंड खाते.

शर्यत नसती तर हे घोडे जन्मालाच आले नसते, हेही ऐकू येते. खरे आहे. मग ज्याने जन्माला घातले त्याने शेवटापर्यंत पाहावे, हे ओघानेच आले. प्रत्यक्षात निवृत्त घोड्यांचे काय होते हे बहुतेकांना कळले ते २०२१ मध्ये, बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमाने कत्तलखान्यातले छुपे चित्रण दाखवले तेव्हा. २०२२ च्या सुरुवातीपासून नियम लागू झाला: ब्रिटनमध्ये धावणारा घोडा मानवी अन्नासाठी वापरला जाणार नाही, अशी नोंद आधी करायची. पुन्हा तोच क्रम, आधी कॅमेरा आणि मग कागद.

या सगळ्या काळात एक साधा प्रश्न फारसा कुणी विचारला नव्हता, तो म्हणजे घोड्याला कुंपण दिसते कसे. कुंपणाच्या बुडाशी उडीचा अंदाज यावा म्हणून आडवी फळी असते. ती कित्येक दशके नारिंगी रंगाची होती. हिरव्यावर नारिंगी म्हणजे माणसाच्या डोळ्याला अगदी उठून दिसणारे. पण घोड्याला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही; त्याच्या लेखी ती फळी हिरवळीत मिसळून जाते. एक्झेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासले, रंग बदलल्यावर घोड्याची उडीही बदलते असे त्यांना आढळले, आणि २०२२ पासून या फळ्या पांढऱ्या होऊ लागल्या. कुंपणांच्या एकूण इतिहासात मला हाच बदल सर्वांत महत्त्वाचा वाटतो, जरी त्यावर ना दंगा झाला ना मथळे. त्याला कारण ठरलेला एकही घोडा नावाने सांगता येत नाही.

२०२३ मध्ये निदर्शक मैदानात घुसले, शर्यत सुमारे पंधरा मिनिटे लांबली आणि पहिल्याच कुंपणावर हिल सिक्स्टीन हा घोडा मेला. खोळंब्याने घोडा बिथरला म्हणून काहींनी निदर्शकांना बोल लावला, निदर्शकांनी शर्यतीला. दोघांच्या भांडणातून २०२४ साठी नियम निघाले: घोडे ४० ऐवजी ३४, पहिले कुंपण ६० यार्डांनी सुरुवातीच्या जवळ, अकरावे कुंपण दोन इंच कमी, आणि जमीन चांगली मिळावी म्हणून शर्यत दुपारी चारला. त्या वर्षी कुंपणावर एकही घोडा कोसळला नाही. २०२५ मध्ये तेरा वर्षांचा सेलेब्र डॅलेन शेवटच्या टप्प्यापर्यंत आघाडीच्या घोड्यांत होता. मग तो ढेपाळला, कोसळला आणि काही दिवसांनी मेला. पंचांनी जॉकीला दहा दिवसांची बंदी घातली. शेवटून दुसऱ्या कुंपणानंतर घोड्यात काही उरले नव्हते, तो उघडपणे मागे पडत होता, तरी त्याला पुढे दामटले, असा ठपका होता. तेव्हा त्याच्या पाठीवर बसलेल्या माणसाला समोर विजयरेषा दिसत होती.