दोन्हीकडचं सुतक

१२ जानेवारीला आपल्या सिंदखेडराजात पाय ठेवायला जागा नसते. मीही जातो. राजवाड्यात जन्मस्थळी डोकं टेकवायचं, जिजाऊ सृष्टीवर भाषणं ऐकायची, की परत गाडीत. लखुजीराजांच्या समाधीकडे मी कित्येक वर्षं वळलोच नव्हतो. परवा निवांत गेलो, तेव्हापासून हे डोक्यात आहे.

रंगपंचमीची गोष्ट आपल्याकडे लहान पोरालाही पाठ आहे. लेकरं रंग खेळतात, लखुजीराजे कौतुकानं म्हणतात, जोडा शोभतो. मालोजीराजे लगेच उठून सांगतात, सोयरीक ठरली. मग घरात बोलणं सुरू होतं: आपण सिंदखेडचे देशमुख, देवगिरीच्या यादवांचं कूळ सांगणारे, निजामशाहीतले बडे सरदार, आणि हे वेरूळचे पाटील! झालं, शब्द फिरला. गोष्ट बखरीतली आहे, इतिहासकार तिच्यावर शंका घेतात. पण ती चारशे वर्षं टिकली, कारण हे बोलणं आपल्या ओळखीचं आहे. आजही स्थळ आलं की मुलगा कसा आहे याच्या आधी 'तोलामोलाचे आहेत का' हेच विचारतात ना?

लग्न शेवटी झालं. भाषणं बहुतेक इथंच थांबतात. खरं दुखणं पुढं आहे.

निजामशहाचा दरबार सुटला होता. गर्दीत खंडागळ्यांचा हत्ती बिथरला आणि माणसं तुडवायला लागला. लखुजीराजांचे पुत्र दत्ताजी त्याच्यावर चालून गेले. शहाजीराजांचे चुलतभाऊ संभाजी आणि खेळोजी हत्तीच्या बाजूनं आडवे आले. हत्ती राहिला बाजूला, जाधव-भोसले एकमेकांवर तुटून पडले. संभाजींच्या हातून दत्ताजी गेले. पुढं निघून गेलेले लखुजीराजे बातमी ऐकून माघारी फिरले. समोर जावई आला, त्यालाही त्यांनी जखमी केलं, आणि संभाजींना ठार मारलं. 'शिवभारता'त हा प्रसंग सविस्तर आहे.

एका दिवसात जिजाऊंचा सख्खा भाऊ गेला आणि चुलत दीरही. भावाला मारणारा सासरचा, दिराला मारणारा बाप, आणि बापाच्याच हातची जखम नवऱ्याच्या अंगावर. त्यांनी रडायचं कुणापुढं? जाधव आपलं प्रेत मोजत होते, भोसले आपलं. दोन्हीकडचं सुतक एकट्या त्यांना होतं.

माझं मत विचाराल तर दुःख एवढं कडू झालं ते मोठेपणामुळं. पोटचा पोर गेल्यावर कुणाचंही भान सुटेल, लखुजीराजांना मी दोष देत नाही. पण 'आपल्यापेक्षा कमी' मानलेल्याच्या हातून मरण आलं की ते दुःख राहत नाही, अपमान होतो. माझ्या मोठ्या आत्याचं माहेर बांधाच्या भांडणात असंच तुटलं. बावीस वर्षं ती राखीला आली नाही. आमच्या घरात कुणाला विचारा, चूक तिच्या सासरचीच.

१६२४ ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे निजामशाहीकडून लढले, लखुजीराजे मोगलांच्या बाजूला होते. त्या रणात शहाजीराजांचे धाकटे भाऊ शरीफजी पडले.

पुढं लखुजीराजे निजामशाहीत परतले. २५ जुलै १६२९ ला निजामशहानं त्यांना देवगिरीवर भेटीला बोलावलं आणि दगा केला. लखुजीराजे, अचलोजी, राघोजी आणि नातू यशवंतराव, चौघे एकाच दिवशी. ज्या देवगिरीचं कूळ सांगायचं, त्याच देवगिरीवर. ही बातमी पोचली तेव्हा शहाजीराजांनी निजामशहाची चाकरी सोडली. सासऱ्याच्या तलवारीचा वार खाल्लेला हा जावई, पण सासऱ्याच्या खुनानंतर त्याच मालकाच्या पदरी राहिला नाही. राजकारणाचाही हिशोब असेल, नाही म्हणत नाही. जिजाऊंना मात्र माहेरच्या दुःखात सासर सोबत उभं राहिलेलं बहुधा तेव्हाच दिसलं असावं. सात महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० ला, शिवनेरीवर शिवराय जन्मले.

शिवरायांच्या राण्यांमध्ये काशीबाई या जाधवांच्याच घरातल्या. ही सोयरीक कुणी जुळवली असेल? मला तर जिजाऊंचाच हात वाटतो. तुटलेलं माहेर सुनेच्या रूपानं त्यांनी घरी आणलं.

यंदा सिंदखेडराजाला आलात तर समाधीकडं वळा. गाडी लांब लावावी लागेल, पण वळा.