थाळनेरचा दिंडी दरवाजा

खापर हे अक्कलकुवा तालुक्यातील, गुजरातच्या सीमेलगतचे गाव. येथील बाजारात भिली बोली, गुजराती, अहिराणी आणि पाठ्यपुस्तकी मराठी यांची सरमिसळ सतत कानी पडते. भाषा वेगळी म्हणून कोणाचा सौदा अडत नाही. गावावरून जाणारा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता पूर्वेस तळोदा, शहादा ओलांडून शिरपूरकडे जातो. एका हिवाळी सकाळी आम्ही काही मित्र याच रस्त्याने शिरपूर तालुक्यातील थाळनेरचा किल्ला पाहण्यास निघालो.

सह्याद्रीतील गडकोटांना सरावलेल्या डोळ्यांना थाळनेर प्रथमदर्शनी निराश करते. तापीच्या उत्तर काठावर एक उंच टेकाड, त्यावर ढासळलेले बुरूज आणि तटाचे तुटक अवशेष, एवढेच आता उरले आहे. परंतु खानदेशातील फारूकी सत्तेचा आरंभ या ठिकाणी झाला. फिरोजशाह तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजाला हा मुलूख दिला आणि त्याने थाळनेरला आपले ठाणे केले. त्याची कबर येथेच आहे. पुढे राजधानी बऱ्हाणपूरला गेली, तरी गावाचे महत्त्व टिकले. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने सुरत-बऱ्हाणपूर मार्गावरील मुक्काम नोंदवले आहेत. त्यांत नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा ही नावे ओळीने येतात.

आम्हांला मात्र पाहायची होती ती प्रवेशद्वाराची जागा. महिदपूरच्या पराभवानंतर होळकरांनी ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह केला आणि खानदेशावरील हक्क सोडला. तहाप्रमाणे किल्ले ताब्यात घेत सर थॉमस हिस्लॉप २७ फेब्रुवारीस थाळनेरसमोर आला. किल्लेदार तुळशीराम मामा यास शरण येण्याचा निरोप गेला; उत्तरादाखल किल्ल्यातून गोळीबार झाला. तोफांचा मारा सुरू झाल्यावर किल्लेदार बाहेर येऊन इंग्रजांच्या स्वाधीन झाला. इंग्रजांची तुकडी एकामागून एक दरवाजे ओलांडत शेवटच्या दरवाजाशी पोहोचली. तेथील दिंडी दरवाजा आतल्या अरब शिबंदीने उघडला आणि काही अधिकारी मोजक्या शिपायांसह आत शिरले. शरणागतीच्या अटींवरून बोलाचाली झाली, पण एका पक्षाची भाषा दुसऱ्यास कळेना. क्षणार्धात शस्त्रे चालली. मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. त्यानंतर सुमारे ३०० जणांची शिबंदी कापून काढण्यात आली आणि त्याच दिवशी किल्लेदारास फाशी देण्यात आले.

दिंडी दरवाजात चकमक उडाली तेव्हा किल्लेदार शत्रूच्या ताब्यात होता, हे येथे विसरून चालत नाही. तहाची खबर त्याला कितपत स्पष्टपणे मिळाली होती, हाही वादाचा मुद्दा ठरला. मार्च १८१९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे विजयी सेनेच्या आभाराचा ठराव आला, तेव्हा याच फाशीवर प्रश्न उपस्थित झाले. अखेर थाळनेरच्या प्रकरणापुरते मत राखून ठेवूनच हिस्लॉपचे आभार मानले गेले.

साहित्याच्या अभ्यासकाला या घटनेत एक धडा सापडतो. तिचे जे तपशील आम्ही वर दिले, ते मुख्यतः इंग्रज लेखण्यांतून आलेले आहेत. लिहिणाऱ्यांनी भाषेची अडचण मान्य केली, पण ती त्यांच्या वृत्तान्तात दोन्ही पक्षांना सारखी पडत नाही. आत गेलेल्या अधिकाऱ्यांची नावे, हुद्दे आणि हेतू तेथे नोंदले गेले. अरब सैनिक मात्र एक खवळलेला, अनामिक जमाव म्हणून उरले. ते काय मागत होते आणि कोणत्या हमीसाठी अडून बसले होते, हे ज्या शब्दांत सांगितले गेले, ते शब्द कागदावर उतरलेच नाहीत. ‘विश्वासघात’ हा निवाडा त्या न समजलेल्या शब्दांवर उभा आहे. असा वृत्तान्त वाचताना काय घडले हे विचारावेच. पण कोणाचे बोलणे भाषांतराअभावी गळाले, हेही विचारले पाहिजे.

दिवस मावळताना आम्ही परतीच्या वाटेला लागलो. खापरला पोहोचलो तेव्हा बाजार उठत होता. एक भिल्ल बाई आणि एक गुजराती दुकानदार टोपलीच्या भावावरून आपापल्या भाषेत घासाघीस करीत होते. थोड्या वेळाने दोघेही हसले आणि भाव ठरला. थाळनेरच्या दरवाजात त्या दिवशी अशी घासाघीस करण्याइतका धीर आणि वेळ कोणापाशी नव्हता.