पेडगावातला मोतीबिंदू

आमचं पेडगाव परभणीच्या शेजारी, मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर. निजामाची मीटरगेज गाडी 1900 च्या सुमारास आली, तरी मोतीबिंदू पिकलेली म्हातारी माणसं उपचाराला न जाता ओसरीवर बसूनच राहायची. वय झालं की अंधार येणारच, असं सारे धरून चालत. त्या शरणागतीची मला आजही चीड येते.

आजीचं ऑपरेशन जुन्या पद्धतीचं. गढूळ झालेलं भिंगच काढून टाकत. मग डोळ्यावर पट्टी, हालायचं नाही, आणि पुढे जन्मभर जाड काचांचा चष्मा. त्यातून सगळं मोठं दिसे, उंबरठ्याचा अंदाज चुके. पण ज्वारीतले खडे तिला पुन्हा दिसू लागले, याचं तिला केवढं अप्रूप!

हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनमध्ये 1949 साली डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं होतं. आपल्याकडे ते गरिबाला परवडू लागलं मदुराईच्या ऑरोलॅबने 1992 पासून स्वस्त भिंगं बनवल्यावर. चार दशकं! आजीची अख्खी पिढी त्यातच गेली.

आईचं ऑपरेशन मात्र या नव्या भिंगाचं; तिला त्याच दिवशी घरी आणलं. घरातलं म्हातारं माणूस ‘अंधुक दिसतं’ म्हणालं, तर वयावर ढकलू नका, डोळे तपासून घ्या.